दुष्काळी तलावाचे कागद: शोधाच्या नोंदी

9 जून

आधी काम काय आहे ते सांगतो. आमच्या गावच्या तलावाला म्हातारी माणसं छप्पनच्या दुष्काळातला तलाव म्हणतात. म्हणजे संवत 1956, इसवी सन 1899-1900. मातीचा बंधारा, जादा पाणी जायला दगडी सांडवा, पाणी सोडायच्या दाराची एक विमोचक विहीर आणि तिथून निघणारा पाट. वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांचं म्हणणं असं, की तलाव भरला की पाणी संपादित हद्द सोडून त्यांच्या रानात येतं, आणि सातबाऱ्यावर मात्र ती जमीन पिकाखाली. कार्यालयाचं म्हणणं, पाणी हद्दीतच आहे. कागद दोघांकडेही नाही.

म्हणून तीन गोष्टी मिळवायच्या: मूळ नकाशा, मंजूर अंदाजपत्रक आणि भूसंपादनाचा निवाडा. चौथी गोष्ट नंतर जोडली गेली. वरच्या नाल्यातून कारखान्याचं काळं पाणी येतं अशी तक्रार जुनीच आहे, तेव्हा पाण्याच्या नमुन्यांचे अहवालही हवेत. मंडळी तिघं: मी, मोजणीची कामं करणारा माझा मामेभाऊ, आणि पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेले आबा. गावाचं आणि कार्यालयांचं नाव मुद्दाम देत नाही. प्रकरण अजून चालू आहे.

14 जून

तलाव सध्या जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे उपविभागाकडे आहे. शंभर हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव त्यांच्याकडेच असतात. तलाव नोंदवही दाखवली. एका तलावाला एक ओळ. त्यात 'बांधकामाचे वर्ष' या रकान्यात लिहिलंय: ब्रिटिशकालीन.

मूळ नकाशाचं विचारलं तर भाऊसाहेब म्हणाले, "आमच्याकडं आला तेव्हा जे होतं तेच आहे. त्याच्या आधीचं बांधकाम खात्याला विचारा." उत्तर टाळाटाळीचं वाटलं, पण पुढच्या सगळ्या शोधाची दिशा त्याच वाक्यात होती. तेव्हा आम्ही तिकडे लक्ष दिलं नाही आणि सरळ माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला बसलो.

3 जुलै

अर्ज टाकला. जोडपत्र 'अ', दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्राच्या नियमात 2012 पासून एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द अशी मर्यादा आहे. आम्ही लिहिलं: 'सदर तलावाचे सुरुवातीपासूनचे सर्व अभिलेख, नकाशे व पत्रव्यवहार यांच्या प्रती मिळाव्यात.' शब्द कमी लागले म्हणून खूश होतो.

5 ऑगस्ट

उत्तर आलं: 'मागणी केलेली माहिती मोघम स्वरूपाची असून सदर अभिलेख या कार्यालयात आढळून येत नाहीत.' महिना गेला, हातात काही नाही. मामेभाऊ पहिलं अपील करू म्हणत होता. वीस रुपयांचा स्टॅम्प लावून करताही आलं असतं, पण अपिलात आदेश झाला असता तो 'पुन्हा शोध घ्यावा' एवढाच. काय शोधायचं हे आम्हीच सांगितलं नव्हतं.

आबांनी दुसरा अर्ज लिहिला. त्यात कागदपत्रं मागितलीच नाहीत, नोंदवह्या मागितल्या: (1) अभिलेख कक्षाची नोंदवही, (2) नष्ट केलेल्या अभिलेखांची यादी, (3) तलाव ताब्यात घेताना झालेली हस्तांतरण यादी. आणि प्रतींऐवजी निरीक्षण मागितलं. बारनिशी म्हणजे आवक-जावक नोंदवही आणि अभिलेखांच्या याद्या कार्यालयात असाव्याच लागतात, त्या नाहीत असं कुणी सहसा लिहून देत नाही. शिवाय 'आढळत नाही', 'नष्ट केले' आणि 'दुसरीकडे पाठवले' ही तीन निरनिराळी उत्तरं आहेत. कुठलं ते यादीवरूनच कळतं. नष्ट केलं म्हणत असतील तर कोणत्या वर्गवारीखाली, हे विचारता येतं. 'अ' वर्गाचे कागद कायम ठेवायचे, 'ब' तीस वर्षं, 'क-1' दहा, 'क' पाच, 'ड' एक. धरणाचा नकाशा आणि भूसंपादनाचे कागद 'ड' वर्गात गेले असतील तर तो स्वतंत्र प्रश्न, आणि महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम 2005 मध्ये त्यावर शिक्षेचीही तरतूद आहे. आम्ही अर्जात कायद्याचं नावही घेतलं नाही. गरज पडली नाही.

27 ऑगस्ट

या आठवड्यात कागदांना हातच लावला नाही. भिंतीवर मोठा कागद चिकटवून तलाव कोणत्या वर्षी कोणाच्या ताब्यात होता एवढंच लिहून काढलं. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं असं आबा म्हणतात. त्यांनी ते पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

तर असं: बांधला मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यानं. 1960 मध्ये महाराष्ट्र झाल्यावर त्या खात्याचे दोन भाग झाले, इमारती व दळणवळण एक, पाटबंधारे व वीज दुसरं. 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या आणि लहान तलाव तिकडे गेले. म्हणजे एकाच बंधाऱ्याचे कागद निदान तीन बिऱ्हाडांत विखुरलेले. आणि प्रत्येक ठिकाणी ते तलावाच्या नावानं लावलेले नसून त्या त्या वेळच्या विभागाच्या, वर्षाच्या आणि लेखाशीर्षाच्या नावानं लावलेले. 'छप्पनचा तलाव' अशी नस्ती कुठल्याच कपाटात मिळणार नव्हती.

मराठवाड्यातल्या कुणी हे काम घेतलं तर त्यांची वंशावळ याहून वेगळी निघेल. 1956 पूर्वी तो भाग हैदराबाद संस्थानात होता, कागद बरेचसे उर्दूत आणि हैदराबादेत. विदर्भाचे मध्य प्रांत-वऱ्हाडच्या दप्तरात, नागपूरला. आपला जिल्हा 1956 च्या आधी कोणत्या राज्यात होता हे आधी पाहा, मगच तिकीट काढा.

18 सप्टेंबर

बांधकाम विभागाच्या जुन्या अभिलेख कक्षात प्रवेश मिळाला. दुसऱ्या अर्जावर निरीक्षणाची तारीख मिळाली होती. हस्तांतरण यादीवरून मूळ विभाग कोणता ते कळलं आणि तिथून इथं आलो.

खोली जिन्याखाली. कपाटं तीन, एकाचं दार दोरीनं बांधलेलं. लाल कापडात बांधलेले गठ्ठे, वर पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या, त्यातल्या निम्म्या कसरीनं खाल्लेल्या. शिपाईमामांनी चिठ्ठीकडे न बघता सांगितलं, "नकाशे हितं नाहीत साहेब, त्या पत्र्याच्या नळीत." कपाटाच्या मागे पत्र्याचे लांब डबे उभे होते. तिसऱ्या डब्यात आमचा तलाव निघाला.

ट्रेसिंग क्लॉथ. फिकट निळसर, एका बाजूनं गुळगुळीत, दुसरीकडून खरखरीत, काळ्या शाईतल्या रेघा अजून तुकतुकीत. बंधाऱ्याचा उभा छेद, सांडव्याचा आराखडा, विमोचकाचा तपशील. कोपऱ्यात सही आणि हुद्दा: एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर. नावाच्या जागी आमच्या गावाचं नाव नाहीच, शेजारच्या वाडीचं आहे. आम्ही इतके दिवस भलत्या नावानं शोधत होतो. वाडी बंधाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि कामावरची छावणी बहुधा तिथं असावी.

ट्रेसिंग क्लॉथ म्हणजे खळ लावलेलं कापड, पाण्याचा थेंब पडला की खळ विरघळते आणि शाई पसरते. घाम आलेल्या हातानं धरू नका. खोलीत पंखा नव्हता, मामेभावानं रुमालानं हात पुसत पुसत ते उलगडलं. चारी कोपऱ्यांवर कापडात गुंडाळलेल्या जाड नोंदवह्या ठेवल्या आणि उभ्यानं फोटो काढले. हस्तांतरण यादीचेही घाईत फोटो घेतले. या घाईचं पुढं काय झालं ते मे महिन्याच्या नोंदीत आहे.

25 सप्टेंबर

नकाशाच्या प्रमाणित प्रतीसाठी विभागानं ड्रॉइंग बाहेर स्कॅन करून आणायला माणूस सोबत दिला, खर्च आमचा. मोठ्या आकाराच्या कागदाला दोन रुपये पानाचा दर लागू होत नाही, प्रत्यक्ष खर्च द्यावा लागतो. दुकानदारानं ते रोलरच्या स्कॅनरमध्ये घातलं आणि कडेचा बोटभर तुकडा आत अडकून फाटला. आकडे वाचले, पण विभागाच्या माणसाचा चेहरा उतरला आणि आमचाही.

तेव्हा रोलरचा स्कॅनर जुन्या नकाशाला नको. त्यानंतर सगळं कॅमेऱ्यानं केलं: नकाशा जमिनीवर पांढऱ्या चादरीवर, कॅमेरा आडव्या दांडीला वरून सरळ खाली, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निदान तिसरा हिस्सा यायला हवा, आणि चौकटीत एक स्टीलची पट्टी. नंतर संगणकावर जोडता येतात. उन्हाची तिरीप येणारी खिडकी बंद ठेवा. फ्लॅश मारला तर क्लॉथ चमकतं आणि नेमक्या आकड्यांवर पांढरा डाग येतो.

त्याच डब्यात काही ब्लूप्रिंटही होते. निळ्या कागदावर पांढऱ्या रेघांचे हे कागद उजेडात फिके पडतात, म्हणून फोटो होताच झाकले. ते नव्या अमोनिया प्रिंटांबरोबर एकाच गुंडाळीत ठेवलेले होते. अमोनिया प्रिंटमधून निघणाऱ्या वायूनं शेजारचा कागद डागाळतो. वेगळे करून ठेवा एवढं सुचवलं, शिपाईमामांनी लगेच केलंही.

एक महत्त्वाचं. फोटोवर किंवा मूळ कागदावरही पट्टी ठेवून अंतर मोजू नका. कापड आणि कागद शंभर वर्षांत आकसलेले असतात, तेही दोन दिशांना सारखे नाहीत. रेघेशेजारी लिहिलेला आकडा धरा. आकडा नसेल तर नकाशावर काढलेली प्रमाणपट्टी धरा, ती निदान कागदाबरोबरच आकसलेली असते.

11 ऑक्टोबर, मुंबई

काळा घोडा, एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार. 1821 मध्ये बॉम्बे रेकॉर्ड ऑफिस म्हणून सुरू झालेलं हे दप्तर आहे. ओळखपत्र आणि एका महाविद्यालयाचं पत्र नेलं होतं.

इथं कागद 'व्हॉल्यूम' आणि 'कॉम्पिलेशन' या दोन क्रमांकांनी लावलेले: खातं, वर्ष, व्हॉल्यूम, कॉम्पिलेशन. आधी वर्षवार सूची मागायची, तिच्यातून क्रमांक काढायचे, मग मागणीची चिठ्ठी द्यायची. चिठ्ठी दिल्यावर कागद हाती यायला वेळ लागतो, तोवर पुढच्या वर्षाची सूची चाळायची. टिपणं काढताना हे चारही तपशील प्रत्येक पानाच्या डोक्यावर लिहा. आम्ही पहिल्या दिवशी नुसता विषय लिहून आलो आणि दुसऱ्या दिवशी तोच कागद पुन्हा सापडेना.

बांधकाम खात्याच्या सूचीत गावाच्या नावानं पाहिलं, वाडीच्या नावानं पाहिलं, इंग्रजीत 'व्ही'नं आणि 'डब्ल्यू'नं दोन्ही पाहिलं. काही नाही. संध्याकाळपर्यंत तिघंही वैतागलो.

12 ऑक्टोबर

सकाळी आबांनी विचारलं, "पैसा कुठल्या शीर्षातून गेला असेल?" दुष्काळी कामाचा पैसा. दुष्काळ निवारण हा महसुलाचा विषय, जिल्ह्यात त्याचा धनी कलेक्टर. बांधकाम खातं फक्त काम करून देणार. म्हणजे मंजुरीचे कागद बांधकामात नसून महसूल खात्याच्या फॅमिन शाखेत असणार.

तिथं सापडले. आणि गावातली आठवण अर्धीच बरोबर निघाली. काम 1896-97 च्या दुष्काळात सुरू झालं, पाऊस पडल्यावर मजूर शेतावर परतले तसं ते अर्धवट थांबलं, आणि 1899-1900 मध्ये पुन्हा हाती घेऊन पुरं झालं. म्हणून अंदाजपत्रकंही दोन. पहिल्यातली क्षमता आणि दुसऱ्यातली क्षमता वेगळी आहे, दुसऱ्यात सांडवा खाली घेतला आहे. कुणी पहिलंच अंदाजपत्रक मिळवून थांबलं असतं तर सगळा हिशेब चुकला असता.

आकड्यांबद्दल दोन गोष्टी. रक्कम रुपये-आणे-पै अशी आहे, 12 पै म्हणजे आणा, 16 आणे म्हणजे रुपया. आणि साठा दशलक्ष घनफुटांत. एक दशलक्ष घनफूट म्हणजे 28.317 सहस्र घनमीटर. तलाव नोंदवहीतला आजचा आकडा मूळ आकड्याला याच गुणकानं गुणून काढलेला दिसतो, म्हणजे कुणी तरी कधी तरी मूळ कागद पाहिला होता. गाळ साचल्याचा हिशेब मात्र त्यात नाही. सव्वाशे वर्षांत तळ तसाच राहिला असं धरलंय.

20 नोव्हेंबर

भूसंपादन. कायदा 1894 चा, म्हणजे कलम 4 आणि कलम 6 च्या अधिसूचना तेव्हाच्या राजपत्रात छापलेल्या असणार. राजपत्राचे खंड चाळणं कंटाळवाणं आहे पण अवघड नाही, दुसऱ्या अंदाजपत्रकाच्या मंजुरीची तारीख हाती असली की थोडेच अंक पाहावे लागतात. अधिसूचनेत सर्व्हे नंबर आणि क्षेत्र एकर-गुंठ्यांत मिळालं.

त्यानंतर भूमी अभिलेख कार्यालय. तिथं टिपण (मोजणीचं मूळ रेखाटन), गुणाकार बुक (क्षेत्राचा हिशेब) आणि कमी-जास्त पत्रक, म्हणजे कजाप, मागायचं. संपादन झालं की सर्व्हे नंबरातून ते क्षेत्र कमी झाल्याची नोंद कजापमध्ये व्हायला हवी, तिच्यावरून फेरफार, आणि फेरफारावरून सातबारा. आमच्याकडे ही साखळी मध्येच तुटलेली निघाली: अधिसूचनेतल्या काही नंबरांचं कजाप झालं, काहींचं झालंच नाही. ज्यांचं झालं नाही त्यांची जमीन सरकारनं मोबदला देऊन घेतलेली, पण सातबाऱ्यावर अजून खातेदाराची. हे शेतकऱ्यांच्या बाजूचं नव्हतं. गावात सांगितलं तेव्हा दोन घरांनी आमच्याशी बोलणं कमी केलं.

टिपणावरचा काही मजकूर मोडीत आहे. आम्हाला तिघांनाही मोडी येत नाही. पुराभिलेख संचालनालयाच्या मोडी वर्गात शिकलेल्या एका शिक्षिकेनं वाचून दिलं. अंदाजानं वाचू नका, मोडीतले आकडे नवख्याला सहज फसवतात.

8 फेब्रुवारी

काळ्या पाण्याचे कागद. कारखान्याला 1970 च्या दशकात दिलेली संमतीपत्रं, म्हणजे सांडपाणी सोडायचे परवाने, मागताना आम्ही अर्जात 'जल अधिनियम 1974 अन्वये' असं लिहिलं. तसं काही नाही असं उत्तर आलं, आणि ते बरोबरच होतं. महाराष्ट्रानं स्वतःचा जलप्रदूषण प्रतिबंध कायदा 1969 मध्येच केला होता, त्याखाली 7 सप्टेंबर 1970 ला मंडळ स्थापन झालं. केंद्राचा 1974 चा कायदा राज्यानं 1981 मध्ये स्वीकारला. त्या आधीचे कागद 1969 च्या कायद्याखालचे. अर्ज दुरुस्त करून पाठवला.

1981 नंतरच्या संमतीपत्रांसाठी माहिती अधिकाराशिवायही एक वाट आहे. जल अधिनियमाच्या कलम 25 मध्ये संमतीच्या अटींची नोंदवही ठेवायची आणि हितसंबंध असलेल्या माणसाला ती पाहू द्यायची, अशी तरतूद आहे. तिचा उल्लेख करून साधं पत्र दिलं, नोंदवही पाहायला मिळाली.

नमुन्यांचे अहवाल मागताना नुसतं 'पाण्याचा अहवाल' लिहू नका. प्रयोगशाळेचा विश्लेषण अहवाल आणि त्याबरोबरचा नमुना घेतल्याचा तपशील दोन्ही मागा. आम्हाला आधी फक्त कव्हरिंग पत्रं मिळाली, त्यात 'बीओडी मर्यादेत' एवढंच (बीओडी म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप). तपशील आल्यावर दिसलं की नमुने नाल्यावरच्या पुलापाशी घेतलेले आहेत आणि बहुतेक पावसाळ्यातले. तलावातला एकही नाही. अहवाल खोटा नाही, पण आमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही.

16 एप्रिल

आता नकाशा आणि तलाव यांची गाठ घालायची. डिसेंबरात एकदा लेव्हल घेतली होती, म्हणजे यंत्रानं उंचीतला फरक मोजला होता, ती फुकट गेली: विमोचकाचा उंबरा पाण्याखाली होता आणि आम्ही विहिरीतल्या पायरीवरून अंदाज बांधला. आता तलाव आटलाय, दार उघडं पडलंय. उंबऱ्यावर नंतर कधी तरी काँक्रीट ओतलेलं, ते एका कडेला खरवडून खालचा घडीव दगड मोकळा केला आणि त्यावर स्टाफ, म्हणजे मोजणीची उभी पट्टी, धरली.

नकाशात सगळ्या पातळ्या उंबऱ्यापासून मोजलेल्या आहेत. उंबरा 100.00 फूट धरलाय, समुद्रसपाटीशी त्याचा काही संबंध नाही. त्या काळच्या लहान कामांत हे सर्रास असायचं. टोपोशीटवरच्या (सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावरच्या) उंचीशी हे आकडे थेट ताडून पाहू नका. नकाशात सांडव्याचा माथा 118.50, बंधाऱ्याचा माथा 126.50. म्हणजे उंबऱ्यापासून सांडवा 18.50 फूट, मीटरमध्ये 5.64.

आमची लेव्हल सांगते 5.95 मीटर. दुसऱ्या बाजूनं यंत्र लावून पुन्हा घेतली, तेच. म्हणजे 19.52 फूट. सांडवा नकाशापेक्षा एक फुटानं उंच आहे.

मामेभाऊ पाचेक मिनिटं सांडव्यावर बसून राहिला, मग हातोडीच्या दांड्यानं माथ्याच्या कडेची शेवाळ खरवडायला लागला. वरचा थर वेगळा निघाला. खाली चुन्यात बसवलेला घडीव दगड, वर सिमेंटमध्ये बसवलेला अनघड दगड, थराची उंची टेपनं एक फूट.

एक फूट म्हणजे थोडं वाटतं. पण तलावाच्या वरच्या अंगाला जमीन सपाट आहे. उतार दोनशेस एक धरला तर पाण्याची कड दोनशे फूट आत सरकते. शेतकरी ज्या पट्ट्याबद्दल बोलतात तो साधारण तेवढाच आहे.

दुसरी गोष्ट आबांना जास्त लागली. बंधाऱ्याचा माथा नकाशात उंबऱ्यापासून 26.50 फूट, आता 25.26. माती दबलीय, गुरांच्या वाटेनं झिजलीय. म्हणजे सांडव्याच्या वर मूळ आठ फूट मोकळी उंची होती, ती आता पावणेसहा फुटांवर आलीय. हे त्यांनी त्याच संध्याकाळी उपविभागाला लेखी कळवलं, आमच्या प्रकरणाची वाट न बघता.

6 मे

सांडवा कोणी वाढवला? सिमेंट आहे म्हणजे मूळ बांधकामानंतरचं काम. मोजमाप पुस्तकं मागितली तर त्या काळातली नष्ट झालेली, यादीत तशी नोंद आहे, तारखेसह.

मग सप्टेंबरातले फोटो पुन्हा पाहिले. हस्तांतरण यादीत आमच्या तलावाच्या ओळीला शेवटचा रकाना 'शेरा'. आणि तो रकाना समोरच्या पानावर. आम्ही फक्त डावी पानं घेतली होती. नोंदवहीचे फोटो घेताना समोरासमोरची दोन्ही पानं एका चौकटीत घ्या, कितीही घाई असली तरी.

पुन्हा निरीक्षणाचा अर्ज, पुन्हा वाट.

29 मे

शेरा इंग्रजीत, पेन्सिलीनं, एकाच ओळीचा: सांडव्याचा माथा 1954-55 मध्ये एक फूट वाढवला, वार्षिक दुरुस्तीतून.

'दुरुस्तीतून' यातच सगळं आलं. नवं काम म्हणून केलं असतं तर वाढीव बुडिताचा हिशेब आणि भूसंपादनाचा प्रस्ताव लागला असता. दुरुस्तीच्या शीर्षात तो प्रश्न येत नाही. म्हणजे 1900 ची हद्द कागदोपत्री बरोबर, आणि पाणी तिच्या बाहेर येतं हेही बरोबर. कार्यालय कागदापुरतं खरं बोलत होतं, शेतकरी प्रत्यक्षातलं.

14 जून

सगळं एकत्र लावलं. प्रत्येक फाइलच्या नावात हा क्रम: वर्ष, मूळ कार्यालय, खातं, क्रमांक, पान. विषय शेवटी. आधी विषयवार फोल्डर केले होते, पण भूसंपादनाचा कागद 'नकाशे'मध्येही हवा आणि 'जमीन'मध्येही, असा घोळ होऊन एकाच कागदाच्या तीन-तीन प्रती झाल्या. ते मोडून ज्या कार्यालयातून मिळाला त्याच्याच नावाच्या फोल्डरात ठेवला, आणि विषयांसाठी वेगळा तक्ता केला. मूळ फोटो जसेच्या तसे ठेवलेत, उजळ केलेल्या प्रती वेगळ्या. दोन हार्ड डिस्क, एक माझ्याकडे, एक आबांकडे.

खर्चाचं: अर्ज, अपिलं आणि दोन रुपये पानाच्या प्रती मिळून फार झालं नाही. पैसा गेला तो प्रवासात, मुंबईतल्या मुक्कामात आणि बुडालेल्या रोजगारात. तोही मुख्यतः मामेभावाचा, कारण त्याचं काम दिवसावर चालतं. हे काम घेणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडावा.

उरलेलं: 1970 च्या दशकातल्या संमतीपत्रांचं उत्तर अजून आलेलं नाही. ज्या नंबरांचं कजाप झालं नाही त्यांच्या निवाड्याच्या प्रती कलेक्टर कचेरीच्या अभिलेख कक्षात मागितल्या आहेत. आणि वाढीव बुडिताच्या संयुक्त मोजणीसाठी उपविभागानं पावसाळ्यानंतर, तलाव भरलेला असताना यायचं लेखी मान्य केलंय. त्या दिवशी सांडव्यावरून पाणी पडत असायला हवं, नाही तर कड कुठं धरायची यावर पुन्हा वाद होईल. म्हणून खुणेचे दगड आत्ताच, कोरड्यात, 118.50 आणि 119.50 या दोन्ही पातळ्यांवर रोवून ठेवलेत.